चिऱ्याच्या घरात बंदुकीचं कपाट: निवडीपासून बोल्ट कसेपर्यंत

माझ्या लहानपणी आमची बारा बोअरची दुनळी माजघरात खुंटीला टांगलेली असायची. काडतुसं देवघराच्या फळीवर, करंड्याच्या मागे. भातात रानडुक्कर शिरल्याची आरोळी आली की आजोबा अंधारातच दोन्हीकडे हात घालायचे. इतक्या वर्षांत काही अघटित घडलं नाही, एवढीच काय ती आमची सुरक्षाव्यवस्था. पुढे परवान्याचा अर्ज माझ्या नावाने करायची वेळ आली. शस्त्र नियम, २०१६ आल्यापासून अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. त्यावर सही केल्यावर खुंटीकडे बघवेना.

पहिलं कपाट घाईत घेतलं आणि चार फास्टनर (भोकात फुगून धरणारे बोल्ट) मारून चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला लावलं. दुसऱ्या पावसाळ्यात फुगलेलं दार जरा जोरात ओढलं, तर वरचे दोन फास्टनर लाल भुग्यासकट बाहेर आले. चोराला पहारही लागली नसती. त्यानंतर नवं कपाट करून घेतलं, ते नीट बसवलं, आणि वाडीतल्या आणखी काही घरांत बसवायला मदत केली. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या कोकणातल्या घरांना उपयोगी पडेल अशा बेताने ते सगळं इथे लिहितो आहे. पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये रिव्हॉल्व्हर ठेवणाऱ्यांसाठीही मधेमधे काही आहे, पण त्यांची अडचण सोपी आहे. त्यांच्या भिंती घट्ट असतात.

कपाट नेमकं कोणासाठी?

दुकानात गेलात की विक्रेता गॅस कटर, ड्रिल आणि दरोडेखोरांच्या गोष्टी सांगतो. बंदुकीच्या कपाटाचं पहिलं काम मात्र घरातल्या माणसांपासून बंदूक लांब ठेवण्याचं आहे. मे महिन्यात आलेली भाचरं, दारू प्यायलेला पाहुणा, भांडणात डोकं फिरलेला भाऊ. खिशात परवाना नसलेला प्रत्येक जण यात आला. दुसरा शत्रू ओल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती रोज कपाटात शिरते. चोर येतो तिसऱ्या क्रमांकावर, आणि बहुतेक वेळा घर बंद असताना, हातात पहार किंवा मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन. अमेरिकेत घरगुती तिजोऱ्यांची जी प्राथमिक चाचणी करतात, तिच्यात साध्या हत्यारांसमोर पाच मिनिटं टिकाव धरला की तिजोरी पास होते. म्हणजे त्यांनाही अभेद्य किल्ला नको आहे, वेळ खाणारी पेटी हवी आहे. हा क्रम डोक्यात ठेवला की पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरतं.

घरात कोणी खचलेलं असेल, कर्जाने म्हणा, आजाराने म्हणा, तर कपाटावरही विसंबू नका. तेवढे दिवस बंदूक घरातूनच हलवा. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ती रीतसर जमा करता येते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आधी बंदूक मोजा

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. नेमबाजांचा नियम वेगळा. त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसणारी वीस-वीस बंदुकांची कपाटं बघून भुलू नका. आपल्याला दोन बंदुका, कागद आणि वर एक छोटा कप्पा पुरतो.

बारा बोअरच्या दुनळीची नळी साधारण २८ ते ३२ इंच असते आणि दस्त्यासह पूर्ण लांबी ४५ ते ४९ इंचांच्या आसपास भरते. बंदूक उभी ठेवायची तर कपाटाची आतली उंची निदान ५२ इंच, रुंदी १४ आणि खोली १२ इंच हवी. दुनळी मोडून तिची नळी आणि दस्ता वेगळा करता येतो. तशी ठेवणार असाल तर आतून ३६ इंच उंचीही चालते. मला हीच पद्धत आवडते. कपाट लहान होतं, जड पत्र्याचं परवडतं, आणि कोणाच्या हाती लागलीच तर ती एका झटक्यात बंदूक होत नाही. ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची जुनी बंदूक, अशी सुटी होत नाही, आणि जुन्या ठासण्या लांबीला भलत्याच असतात. टेप लावल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी एवढंच: हॉटेलच्या खोलीत असते तसली दहा-बारा किलोची पेटी चोर बॅगेत घालून घेऊन जातो. ती कपाटाच्या फळीला स्क्रूने लावली तर तो फळीसकट नेतो. काँक्रीटच्या भिंतीला किंवा स्लॅबलाच बोल्ट करा.

पत्रा, दार, बिजागऱ्या

आपल्याकडे कुठल्याही लोखंडी कपाटाला 'गोदरेज' म्हणायची रीत आहे. गोदरेजने कुलपं १८९७ पासून आणि तिजोऱ्या १९०२ पासून करायला घेतल्या, तेव्हा नावाला वजन आलं ते उगाच नाही. पण कपड्यांचं कपाट आणि तिजोरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साडीच्या कपाटाचं दार स्क्रू ड्रायव्हरने वाकतं. बंदूक तिथे साड्यांमागे ठेवणं म्हणजे खुंटीच, फक्त आडोशाची.

बंदुकीच्या कपाटांच्या ब्रिटिश मानकात पत्र्याची किमान जाडी दोन मिलिमीटर धरली आहे. तीच आपली खालची मर्यादा समजा. अंग दोन मिलिमीटरचं आणि दार तीनचं असेल तर उत्तम. दुकानदार गेजमध्ये बोलला तर एक लक्षात ठेवा, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १४ गेज म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर, २० गेज म्हणजे एकाच्याही खाली. तयार तिजोरी घेत असाल तर भारतीय मानक आयएस ५५० चा शिक्का आहे का ते बघा. तिजोरी आणि बंदुकीचं कपाट यांत किंमतीचा फरक मोठा असल्याने बहुतेक लोक कपाटच घेतात किंवा तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतात. करून घेण्यात काही वाईट नाही, फक्त त्याला पुढच्या गोष्टी ठासून सांगा.

दार चौकटीच्या आत बसणारं हवं, वरून टेकणारं नको. बंद केल्यावर फटीत एटीएम कार्ड जेमतेम जावं. दोन कार्डं एकत्र शिरत असतील तर तिथे पहारही शिरेल. कुलूप फिरवल्यावर निदान तीन जाड दांडे चौकटीत घुसले पाहिजेत. बिजागरी बाहेर असली तरी चालते, पण मग बिजागरीच्या बाजूला आतून एक पूर्ण उंचीची पट्टी वेल्ड करून घ्या. दार बंद असताना ती चौकटीमागे अडकते, त्यामुळे बिजागऱ्या कापल्या तरी दार निघत नाही. ही पट्टी बहुतेक जण विसरतात आणि तिचा खर्च नगण्य असतो. बोल्टसाठी मागच्या पत्र्याला चार आणि तळाला चार भोकं रंगाआधीच पाडून घ्या, प्रत्येक भोकाशी आतून जाड पत्र्याचा तुकडा लावून. रंग पावडर कोटिंगचाच हवा. खाऱ्या हवेत ब्रशने मारलेला रंग दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो.

आता वजन. ५५ इंच उंच, १४ इंच रुंद आणि तितक्याच खोल पेटीला सव्वादोन चौरस मीटर पत्रा लागतो. दोन मिलिमीटर जाडीने ते झाले पस्तीस किलो. दार, दांडे धरून पन्नास म्हणा. दोन माणसं ते उचलून टेम्पोत घालतात. म्हणून मी वजनावर भरवसा ठेवत नाही, बोल्टवर ठेवतो.

आगीपासून संरक्षण असं लिहिलेल्या कपाटांत बहुधा जिप्सम बोर्ड भरलेला असतो. जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं पाणी मुळातच बांधलेलं असतं. आगीत तेच वाफ होऊन आतलं तापमान दाबतं. एरवी असला बोर्ड कपाटात ओल धरून ठेवतो. कोकणात मी तो घेणार नाही.

कुलूप

चांगल्या लिव्हरच्या चावीचं कुलूप मला अजूनही पहिल्या पसंतीचं वाटतं. त्याचा एकच दोष म्हणजे चावी. आणि चावी आपण कुठे ठेवतो? देवघरात, तांदळाच्या डब्यात, घड्याळामागे. घरातल्या दहा वर्षांच्या पोराला यातली प्रत्येक जागा ठाऊक असते. चावी अंगावर ठेवा, नाहीतर नंबरच्या छोट्या पेटीत. दुसरी चावी बँकेच्या लॉकरमध्ये. घरात दुसरी चावी नकोच.

आकड्यांच्या बटणांचं कुलूप घ्यायचं असेल तर कंपनीने दिलेला मूळ आकडा पहिल्याच दिवशी बदला, आणि बदललेला आकडा जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नसावा. स्वस्त पेट्यांमध्ये आतला खटका हलका असतो. वरून एक ठोसा मारताना हँडल फिरवलं तर काही पेट्या उघडतात. दुकानातच, परवानगी घेऊन, हे करून बघा. बॅटरी संपल्यावर बाहेरून वीज द्यायची सोय आहे का, आणि नावाच्या पट्टीखाली लपवलेलं चावीचं भोक कितपत तकलादू आहे, तेही तपासा.

बोटाच्या ठशांचं कुलूप शेतकऱ्याने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लावणीच्या दिवसांत बोटं चिखलाने सोलवटलेली असतात. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, तिथे कपाटावर कसा उमटेल?

किल्ली असो वा आकडा, परवान्यावर ज्याचं नाव त्याच्याकडेच तो राहायला हवा. 'मी गावाला गेलो तर बायकोला माहीत असावं' हे कारण मी बऱ्याच घरांत ऐकलं आहे. बाहेरगावी जाताना बंदूक जमा करणं जास्त बरं.

जागा

पडवीतून किंवा ओटीवरून दिसेल तिथे नको. न्हाणीघर आणि चूल यांच्या भिंतीला पाठ लावून नको. पावसाची झड सोसणारी पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंतही नको, ती चार महिने पाझरते. घराच्या पोटातली, दोन्ही बाजूंनी खोल्या असलेली भिंत शोधा. कपाट कोपऱ्यात असं बसवा की ज्या बाजूला हँडल आहे ती बाजू आडव्या भिंतीलगत येईल. पहार घालणारा त्याच फटीत घालतो, आणि भिंत आडवी आली की त्याला जोर लावायला जागा उरत नाही. दार पूर्ण उघडतं ना, हे आधी पुठ्ठ्याचा आकार कापून बघा.

पुराच्या रेषेत राहत असाल तर तळमजला विसरा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये काय झालं ते सांगायला नको. वरच्या मजल्यावर न्यायचं तर सिमेंटच्या स्लॅबला हे वजन काहीच नाही. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरूनच आखलेला असतो. जुन्या लाकडी माडीवर मात्र कपाटाखाली जाड फळी अशी टाका की वजन निदान तीन तुळयांवर वाटलं जाईल.

भिंत बघून बोल्ट

पहिल्या खेपेला माझं नुकसान झालं ते इथेच, म्हणून जरा सावकाश.

सिमेंट काँक्रीटची भिंत किंवा खांब असेल तर काम सोपं. १० किंवा १२ मिलिमीटरचे फुगणारे फास्टनर, निदान तीन इंच खोल. ड्रिल सळईला लागलं तर हट्ट न करता भोक सरकवा. भोक पाडण्याआधी भिंतीतल्या वायरी कुठून गेल्या आहेत ते बटणांच्या रेषेवरून ताडा.

चिऱ्याला हा फास्टनर चालत नाही. चिरा म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र आणि बाहेरून जितका दिसतो त्याहून आतून मऊ. फास्टनर फुगला की तो दगडाला धरण्याऐवजी भोवतीचा दगड चिरडतो. कसताना घट्ट वाटतं, पण पुढे ओल आली की भुगा सुटतो. इथे दोन उपाय आहेत.

एक, आरपार बोल्ट. आतली भिंत असेल तर हाच करा. चिऱ्याची भिंत नऊ इंचांपासून दीड फुटापर्यंत जाड असते, तेवढ्या लांबीची १२ मिलिमीटरची आटे पाडलेली सळई आणा. भिंतीच्या पलीकडे चार इंच बाय चार इंच, सहा मिलिमीटर जाडीची पट्टी लावून नट कसा. नटावर वेल्डिंगचा एक टिपका द्या आणि पट्टी गिलाव्यात बुजवा. असे चार बोल्ट झाले की कपाटासोबत भिंतही न्यावी लागेल. ड्रिलची लांब कांडी भाड्याने मिळते. भोक पाडताना शेवटचे दोन इंच हळू जा, नाहीतर पलीकडच्या गिलाव्याचा मोठा ढलपा उडतो.

दुसरा उपाय केमिकल अँकरचा. भोकात जाळीची नळी घालायची, तीत राळ भरायची आणि सळई फिरवत आत सरकवायची. राळ दगडाच्या छिद्रांत शिरून धरते, दगडाला फोडत नाही. यात सगळं यश भोकाच्या स्वच्छतेवर आहे. भोक पाडा, पंपाने फुंका, तारेच्या ब्रशने घासा, पुन्हा फुंका. हे तीनदा करा. लाल धूळ राहिली तर राळ धुळीलाच चिकटते. चिऱ्यात खोली पाच-सहा इंच धरा, आणि भोक दगडाच्या मध्यावर पाडा. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात नको, तिथे जुनी मातीच असते. राळ सुकायची वेळ नळीवर लिहिलेली असते. तोवर सळईला हात लावायचा नाही. पावसात भिंत ओली असताना हे काम काढूच नका. फेब्रुवारी ते मे हा काळ बरा.

मातीची किंवा कुडाची भिंत असेल तर भिंत विसरा आणि जमिनीकडे वळा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून त्यात काँक्रीटचा ठोकळा ओता. टोकाला हुकासारखे वाकवलेले चार बोल्ट त्यात आधीच उभे करायचे, आणि त्यांची जागा कपाटाच्या तळाच्या भोकांवरून प्लायवूडच्या फर्म्यावर आखून घ्यायची. हा ठोकळा सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो. निदान दहा दिवस पाणी मारा आणि मगच कपाट चढवा.

फरशीवर बसवताना फरशीच्या खाली दीड-दोन इंच वाळू-सिमेंटचा थर असतो, त्यात अडकलेला बोल्ट कामाचा नाही. तो खालच्या काँक्रीटपर्यंत जायला हवा. फरशीपुरतं ड्रिलचं हॅमर, म्हणजे ठोके देणं, बंद ठेवा.

मग कपाट जागेवर आणा, खाली डांबरी फेल्टचा तुकडा घाला, नाहीतर जमिनीची ओल तळाला गंज लावते. स्पिरिट लेव्हल लावून वॉशरांनी समतोल करा. बोल्ट थोडे थोडे, कर्णाकर्णाने कसा, आणि प्रत्येक फेरीनंतर दार उघडझाप करून बघा. भिंत वाकडी असेल तर कसताना कपाटाचं अंग पिळतं आणि दार घासायला लागतं. अशा वेळी भिंत आणि कपाट यांच्यामध्ये पट्ट्या घाला. सगळं झाल्यावर भोकांच्या कडा सिलिकॉनने बंद करा. शेवटी दोन्ही हातांनी कपाट जोरात हलवा. जरा जरी आवाज आला तरी परत उघडा.

आत काय, कसं

बंदूक आत जाते ती रिकामीच. दुनळी मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड दिसला पाहिजे. ठासणीचं तसं नसतं, ती भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून कळत नाही, आणि बार काढायचा कंटाळा म्हणून भरलेली ठेवणारे मी बघितले आहेत. रिकाम्या नळीत गज पूर्ण घालून तोंडाशी त्याच्यावर खूण करून ठेवा. पुढे कधीही गज घातला आणि खूण नळीच्या बाहेर राहिली, तर आत काहीतरी आहे.

काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या चावीने. ठासणीची दारू मात्र लोखंडी कपाटात कधीच बंद करू नका. आग लागली तर घट्ट बंद पोलादात तिचा बॉम्ब होतो. ती तिच्या मूळ डब्यात, कुलपाच्या लाकडी पेटीत, चुलीपासून आणि विजेपासून लांब.

ओलीचं गणित ऐकायला गमतीचं आहे. श्रावणातल्या दमट दिवशी या कपाटातल्या हवेत पाणी असतं जेमतेम चार ग्रॅम. तेवढं शोषायला अर्धा किलो सिलिका जेल भरपूर होतं. ते लवकर भरतं कारण दाराच्या फटीतून हवा येत राहते आणि ओला दस्ता आतच पाणी सोडतो. म्हणून दाराला रबरी पट्टी लावा, आणि शेतातून आणलेली बंदूक पुसून, चार तास घरात सुकवून मगच आत ठेवा. आत छोटं आर्द्रतामापक यंत्र ठेवलं की काटा पन्नासच्या आसपास राहतोय का ते दिसतं. साठच्या वर गेला की सिलिका जेल मंद आचेवर भाजा, मूळ रंग परत येईपर्यंत. स्वयंपाकाची कढई त्यासाठी वापरू नका, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. डांबराच्या गोळ्यांनी झुरळं जातील, ओल जाणार नाही. मिठाची पुरचुंडी ठेवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवू नका, चामडं ओल धरतं. तेलाचा पातळ हात द्या आणि नळीचं तोंड खाली करून उभी करा, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. तोंडाखाली फेल्टचा तुकडा ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याने एकदा कपाट उघडून नळीवर कापड फिरवायचं.

परवान्याची आणि बंदुकीच्या नंबरांची प्रत कपाटात ठेवू नका, बाहेर ठेवा. कपाट फुटलं तर ठाण्यात सर्वात आधी तोच नंबर विचारतात, आणि चोरीची खबर ताबडतोब द्यायची असते. निवडणूक लागली आणि बंदूक जमा करायचा निरोप आला की ती रिकामी करून, कव्हरात घालून न्या, पावती घ्या, आणि ती पावती कपाटात बंदुकीच्या जागी लावून ठेवा. परत आल्यावर आत टाकण्याआधी नळीत उजेडाकडे धरून बघा. महिना-दोन महिने कोणी तेल लावलेलं नसतं.